सात राहिला

११ फेब्रुवारी

चि. भोंगा हिस,

आशीर्वाद. तू मागितला नाहीस, तरी पत्राच्या डोक्यावर तो लागतोच, म्हणून दिला आहे.

जन्म टेलिफोन खात्यात काढलेला माणूस मुलीला फोन न करता पत्र लिहितो, हे तुझ्या आयोगातल्या मंडळींना सांगितलंस तर त्यांची चांगली करमणूक होईल. कारण साधं आहे. फोनवर आपण दोघंही आवाज चढवतो आणि मग कोणीतरी रिसीव्हर आपटतं. मागच्या वेळी तू आपटलास, त्याआधी मी. रिसीव्हर हे खात्याच्या मालकीचं उपकरण आहे. ते आपटून घेण्यापेक्षा कागद बरा.

तू खात्यातली नोकरी सोडून दूरसंचार नियामक आयोगाची सदस्य झालीस त्या दिवशी मी पाहुण्यांसमोर म्हणालो, 'ज्या घरात वाढलीस त्याचंच छप्पर उतरवायला निघालीस.' ते शब्द मी मागे घेणार नाही. पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं, असं तुझ्या आईचं मत आहे. तिचं मत कळवायचं काम केलं.

तुम्ही काढलेला नियमांचा मसुदा वाचला. कलम सात जागच्या जागी आहे हे बघून हायसं वाटलं. आठवतं का? मी खांबावर चढून नवी लाईन जोडली की तपासायला घरी फोन लावायचो आणि तू उचलायचीस. आपल्या लोकांची रीत ठरलेली. 'हॅलो' म्हणायचं नाही. एका टोकाने एक ते दहा म्हणायचं, दुसऱ्याने दहा ते एक, म्हणजे आवाज कुठल्या बाजूने तुटतो ते कळतं. माझं सुलटं, तुझं उलटं. आणि दर वेळी तू सात गाळायचीस. दहा, नऊ, आठ, सहा. खाली शिडी धरून उभा असलेला माझा लाईनमन पक्कड विचारायचा, 'साहेब, लाईन कशी आहे?' मी वरून सांगायचो, 'लाईन उत्तम. सात राहिला.' मग 'पुन्हा' म्हटलं की तू सगळं पुन्हा म्हणायचीस, आणि पुन्हा सात गाळायचीस.

आता मसुद्याबद्दल. इतकी वर्षं देशाचे फोन एका खात्याने चालवले, आता कोणीही परवाना घेऊन यावं, हे एक वेळ समजलं. पण त्यांच्या लाईनी आमच्या एक्स्चेंजला जोडून द्यायच्या, वर त्यांची यंत्रं ठेवायला आमच्याच इमारतीत जागा द्यायची, म्हणजे पाहुण्याने येऊन आपल्याच पलंगावर झोपायचं. शहरातली साय ते खाणार, पातेलं आम्ही घासायचं. डोंगरापलीकडच्या वस्तीत वादळाने खांब पडला तर तो उभा करायला ती टाय लावलेली पोरं जाणार आहेत का? तुझी ती 'दूरच्या लाईनींसाठी सगळ्यांनी मिळून निधी' ही कल्पना कागदावर चांगली आहे. कागदावर मीही चांगला दिसतो.

बाकी घरी सगळं ठीक. मावशीला शेवटी फोन मिळाला, आमचा नव्हे, नव्या कंपनीचा. आमच्या प्रतीक्षायादीत तिचं नाव इतकी वर्षं होतं की यादीच पिवळी पडली. मी एक्स्चेंजचा प्रमुख असून मेव्हणीचं नाव एका ओळीनेसुद्धा वर सरकवलं नाही, याचा मला अभिमान आहे. मावशीला तो नाही.

माझी तब्येत उत्तम. पहिल्या मजल्यावरचा जुना हॉल, जिथे ऑपरेटर मुली ओळीने बसून दोऱ्या खुपसायच्या आणि तू टेबलांखाली लपायचीस, तो आपोआप जोडणारं यंत्र आल्यापासून ओसच पडला होता. तिथे आम्ही टेबल टेनिसचं टेबल टाकलं आहे. जेवणाच्या सुट्टीत मी आणि पक्कड खेळतो. हॉल इतका ऐसपैस आहे की नुसता चेंडू आणायला धावून माझं पोट उतरलं.

उत्तर पाठवावंसं वाटलं तर पाठव. नाही पाठवलंस तरी हरकत नाही, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुझे
बाबा


२७ फेब्रुवारी

भोंगा,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणून मनासारखं लिहितो.

तुझं उत्तर आलं. म्हणजे तुझं नव्हे, आयोगाच्या सचिवांचं. 'महोदय, आपले पत्र प्राप्त झाले. आपले कार्यालय प्रलंबित प्रकरणात पक्षकार असल्याने, आयोगाच्या सदस्यास पाठवलेले सदर पत्र नियमानुसार सार्वजनिक नोंदीत समाविष्ट करण्यात आले असून वाचनकक्षात सर्वांना पाहण्यासाठी उपलब्ध आहे.' वर आवक क्रमांक. खाली सही, तीही तुझी नाही.

मी ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं. माझं पोट उतरलं ते सार्वजनिक नोंदीत. तू सात गाळायचीस ते वाचनकक्षात. मावशीसुद्धा. बापाचं पत्र फायलीला लावताना हात कसा धजला तुझा, एवढं मला कोणीतरी समजावून सांगा.

तुझ्या आईने शांतपणे विचारलं, "पाठवलं कुठल्या पत्त्यावर?"

"आयोगाच्या."

"घरचा पत्ता माझ्याकडे आहे की. मागायचा होतात."

मागायचा होता हे मलाही माहीत आहे. तू घर बदललंस ते मला आईकडून कळलं, आणि तेही तिने भाजी चिरताना सहज सांगितलं. तेव्हा विचारलं नाही, मग राहूनच गेलं.

"आणि पाकीट कसलं होतं?" हा तिचा पुढचा प्रश्न.

पाकीट खात्याचं होतं. घरात एकही नव्हतं, टेबलाच्या खणात ती छापील पाकिटं असतात, हात गेला. वरच्या कोपऱ्यात 'एक्स्चेंज प्रमुख यांचे कार्यालय' असं ठळक. जन्मभर खात्याची टाचणी घरी नेली नाही आणि नेमकं तेव्हाच हे सुचलं. आई हसली नाही, पण स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी आवाज करत लावत होती.

चूक कोणाची हा वेगळा मुद्दा. शिक्का मारायची घाई कोणाला झाली होती, हा माझा मुद्दा आहे. सुट्टीत माझ्या कचेरीत यायचीस तेव्हा तुला एकच खेळणं लागायचं, आवकचा शिक्का. हातावर, फ्रॉकवर, पक्कडच्या टकलावर सगळीकडे आवक. मी आलेला कागद फाडून टाकला तर डोळे वटारायचीस आणि माझंच वाक्य मला ऐकवायचीस, 'कागद आला की आधी आवक.' तेव्हा मला कौतुक वाटायचं.

आमच्या संचालकांचा फोन आला. खात्याने आयोगापुढे प्रतिज्ञापत्र दिलं आहे की आमच्या इमारतीत नव्या कंपनीच्या यंत्रांसाठी एक फूटही जागा नाही. त्याला आधार एक्स्चेंज प्रमुखांच्या अहवालाचा. म्हणजे माझ्या. हॉल भविष्यातल्या विस्तारासाठी राखीव आहे, म्हणून मी 'जागा नाही' असं लिहिलं होतं, आणि ते नियमात बसतं. संचालक म्हणाले, "तुमच्या पोटाची बातमी नव्या कंपनीच्या वकिलाने झेरॉक्स करून नेली आहे. आता निस्तरा."

हॉलचा वापर या आठवड्यापासून भांडार म्हणून सुरू झाला आहे. कपाटं वर चढवताना पक्कडची पाठ धरली. बाकी विशेष नाही.


१९ मार्च

भोंगा,

हेही खणातच राहणार.

तुझ्या आईने माझ्याविरुद्ध तक्रार केली आहे. थट्टा नाही. रीतसर, ग्राहक म्हणून, एक्स्चेंजच्या तक्रार खिडकीवर जाऊन. मावशीला फोन लागत नाही अशी. आमच्याकडून नव्या कंपनीकडे जाणाऱ्या जोडलाईनी मोजक्या आहेत. तुझी आई सकाळपासून पेन्सिलीने बटणं दाबत बसते, बोट दुखतं म्हणून. 'या मार्गावरील सर्व लाईनी व्यस्त आहेत.' ती इकडे, बहीण दोन गल्ल्या सोडून तिकडे, आणि मध्ये मी.

तक्रार फिरत फिरत माझ्याच टेबलावर आली. मी रीतसर उत्तर दिलं. महोदया, मार्ग व्यस्त असल्याने आपली गैरसोय होत आहे, दिलगीर आहोत. पोस्टमनने ते आमच्याच दारात आणून दिलं आणि सही घेतली. जेवताना तिने ते ताटाशेजारी ठेवलं.

"अहो, तुमच्या पत्रात लिहिलंय की लाईनी कमी आहेत."

"आहेतच."

"मग वाढवा."

"नव्या कंपनीचा तसा अर्ज आला आहे. विचाराधीन आहे."

"कोणाच्या?"

"माझ्या," मी म्हणालो.

तिने पत्राची घडी घातली आणि मला आणखी वाढू का म्हणून विचारलं. तुझी आई भांडत नाही, हा तिचा सगळ्यात वाईट गुण आहे.

आता तुला खरं सांगतो, कारण तू हे वाचणार नाहीस. हॉल भांडार झाला नाही, मी तो भरला. संचालकांनी तोंडी सांगितलं, आयोगाचे लोक पाहणीला येतील तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा दिसता कामा नये. मी चार मजल्यांवरची मोडकी लोखंडी कपाटं गोळा केली. बंद पडलेले फोन भरलेली खोकी आणली. टेबल टेनिसचं टेबल उभं करून भिंतीला लावलं आणि त्यासमोर खोकी रचली. आयोगाचे दोघे आले, दारातूनच बघितलं, लिहून घेतलं, गेले. त्यांच्यात तू नव्हतीस. तू असतीस तर दारातून परतली नसतीस, हे मला माहीत आहे, आणि तू नव्हतीस म्हणून मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

पुढच्या महिन्यात सुनावणी आहे आणि साक्षीदार म्हणून मला बोलावलं आहे. संचालक म्हणतात, "एकच वाक्य बोलायचं. हॉल भरलेला आहे. त्यात खोटं काय आहे? भरलेला आहेच." मग जाता जाता माझ्या निवृत्तीचा विषय काढला. या वर्षाअखेर आहे ना, म्हणाले, याच खुर्चीवरून व्हावी अशी तुमची इच्छा असेल. ते इच्छा म्हणाले, पण मला अट नीट ऐकू आली.

आहे माझी इच्छा. याच एक्स्चेंजला शिडी धरायला लागलो, इथल्याच खुर्चीवरून उठायचं आहे. यापेक्षा जास्त मी खात्याकडे कधी मागितलं नाही.

सुनावणीत तू समोर बसणार. मी वाक्य तयार करून ठेवलं आहे. तुझ्याकडे बघून म्हणणार, 'महोदया, ज्या हॉलबद्दल चाललं आहे त्याच्या टेबलांखाली आपण वाढला आहात.' बघू मग कसा चेहरा होतो ते.


४ एप्रिल

भोंगा,

सुनावणी झाली. वाक्य वाया गेलं.

मी बराच आधी पोचलो आणि तुमच्या इमारतीच्या बोळात बाकावर बसलो. समोर आवक खिडकी. आतल्या बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही टेबल टेनिसवाले का?" आता देशात मी या नावाने ओळखला जाणार.

मी म्हटलं, "आणि शिक्का मारणाऱ्या तुम्ही का?"

त्यांना ते लागलं. खिडकीतून बाहेर आल्या, चहा मागवला आणि बाकावर टेकल्या. म्हणाल्या, "पाकीट तुमच्या खात्याचं, पण वर मॅडमचं नाव हाताने लिहिलेलं. म्हणून मी न फोडता त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं. हसल्या. परत वाचलं, तेव्हा नाही हसल्या. मग स्वतः घेऊन खिडकीवर आल्या आणि म्हणाल्या, शिक्का मारा. मी म्हटलं, मॅडम, हे घरचं दिसतंय, राहू द्या ना. तर म्हणाल्या, कागद आला की आधी आवक. आणि तिथूनच अध्यक्षांच्या खोलीत गेल्या."

"तिथे कशाला?" मी विचारलं.

"आत गेलात की दिसेल," त्या म्हणाल्या. चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

आत मंचावर तीन खुर्च्या. मध्ये अध्यक्ष, डावीकडे एक सदस्य, उजवी खुर्ची रिकामी. पुढची नावाची पाटीही काढलेली. माईक चालत नव्हता. दूरसंचार आयोगाचा. अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं, सदस्य महोदयांनी एका साक्षीदाराशी असलेलं नातं स्वतःहून जाहीर करून या प्रकरणातून माघार घेतली आहे.

जोडणीचा तो सगळा भाग तू एकटीने लिहिलास, हे मला आईने सांगितलं होतं. दोन वर्षं त्यावर बसली होतीस. आणि ज्या दिवशी तो कसाला लागायचा त्या दिवशी तू खोलीबाहेर. पत्र पर्समध्ये टाकून घरी नेलं असतंस तर ती खुर्ची तुझी होती. आवकवाल्या बाईंनीसुद्धा वाट करून दिली होती. मी इतके दिवस समजत होतो की तू शिक्का माझ्यावर मारलास. त्या खुर्चीकडे बघितलं आणि माझा राग गेला. आला तसा सावकाश नाही, एकदम गेला. मग नुसतं वाईट वाटलं, आणि अभिमान वाटला, आणि दोन्ही एकाच वेळी वाटल्यामुळे पाणी मागावं लागलं.

नव्या कंपनीच्या वकिलाने माझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. चांगलं वाचतो. पलंगावरच्या पाहुण्याला लोक हसले, पोटाला तर डावीकडचे सदस्यही हसले. अध्यक्षांनी विचारलं, "हे भोंगा काय आहे?"

वकील म्हणाला, "ते नोंदीवरून स्पष्ट होत नाही."

मी उभा राहून सांगितलं, "ते घरातलं नाव आहे. नोंदीत घेऊ नये."

"घेतलं जाणार नाही," अध्यक्ष म्हणाले.

मग वकिलाने विचारलं, "पहिल्या मजल्यावरचा हॉल आज रिकामा आहे का?"

"नाही."

मागे बसलेले संचालक खुर्चीत सैलावल्याचं मला न बघता कळलं.

"कशाने भरला आहे?"

"मोडक्या कपाटांनी. बंद फोनच्या खोक्यांनी."

"कधीपासून?"

इथे 'आठवत नाही' म्हणता आलं असतं. माझ्या वयाच्या माणसाला ते शोभूनही दिसलं असतं. मी म्हणालो, "माझं पत्र इथे नोंदीला लागलं, त्याच्यानंतर. मीच भरून घेतला."

"का?" हे अध्यक्षांनी विचारलं.

"रिकामा दिसू नये म्हणून."

माईक नसतानाही ते सगळ्यांना ऐकू गेलं. पुढे मी हेही म्हणालो की माझं मत बदललेलं नाही. हॉल द्या, लाईनी जोडा, पण ज्याला शहरात यायचं आहे त्याने डोंगरापलीकडचाही वाटा पहिल्या दिवसापासून उचलायला हवा, दोन-चार वर्षांनी बघू असं नाही. अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. वकिलाने तोंड वाकडं केलं, म्हणजे मुद्दा बरोबर असणार.

बाहेर येताना संचालक माझ्याकडे न बघता गाडीत बसले. मी बसने आलो. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पाय धुवा, चहा टाकते." मग आतून म्हणाली, "बरं केलंत." असं ती मला पूर्वी कधी म्हणाली होती ते आठवत बसलो आणि चहा निवला.


२ मे

भोंगा,

बदली झाली. भांडार विभाग, शहराबाहेर. आदेशात 'प्रशासकीय सोयीसाठी' असं लिहिलं आहे. खुर्ची गेली. वाईट वाटतं आहे, खूप वाटतं आहे, आज यापेक्षा जास्त लिहीत नाही.


२१ जून

चि. भोंगा हिस,

आशीर्वाद. या वेळचा मनापासून आहे.

परवा लाईन तपासताना तू नव्या कंपनीच्या टोकाला होतीस, तेव्हा तिकडचं तुला माहीत आहे. इकडे काय झालं ते सांगतो.

आयोगाचा आदेश आला तेव्हा मी भांडारात होतो. हॉल मोकळा करून नव्या कंपनीला द्यायचा, जोडलाईनी वाढवायच्या, आणि दूरच्या लाईनींचा वाटा पहिल्या दिवसापासून. माझंच वाक्य, फक्त व्याकरण सुधारलेलं. हॉल मोकळा झाला म्हणजे ती कपाटं आणि खोकी कुठेतरी जायला हवीत. भंगार जमा करायची जागा भांडार, भांडाराचा प्रमुख मी. जी कपाटं मी वर चढवली ती सही करून मीच उतरवून घेतली. मागोमाग टेबल टेनिसचं टेबलही आलं. ते मात्र भंगारात दाखवलं नाही, पक्कड रविवारी येतो.

परवा तो आडवारीच आला. म्हणाला, "साहेब, चला. वाढवलेल्यातली पहिली जोडलाईन तपासायची आहे."

"मी आता तिथला नाही."

"नव्या साहेबांना विचारलंय. ते म्हणाले, आकडे मोजायला कोणीही चालेल."

"मग तू मोज."

"कोणीही म्हणजे कोणीही नव्हे," पक्कड म्हणाला आणि माझी टोपी घेऊन पुढे चालू लागला.

हॉल ओळखू येत नव्हता. खिडकीशी नव्या कंपनीची यंत्रं, दोन कपाटांएवढीच, आणि बाकी सगळी फरशी मोकळी. एवढ्यासाठी आम्ही वर्षभर झगडलो होतो. तुझ्या आयोगाच्या नियमाप्रमाणे साक्षीदार हवेत म्हणून स्पीकर लावला होता. आमचे चौघे, कंपनीची इंजिनिअर बाई, तुमचा एक कारकून. पलीकडच्या टोकाला कोण आहे हे मला कोणी सांगितलं नाही. पक्कडला ठाऊक होतं असा माझा संशय आहे. तो खिडकीबाहेर बघत होता आणि तिथे बघण्यासारखं काही नाही.

मी रिसीव्हर उचलला आणि एक ते दहा म्हटलं. कचेरीतला आवाज लावून.

मग तू. "दहा, नऊ, आठ, सहा, पाच..."

पुढचे आकडे मी ऐकले नाहीत. म्हणजे ऐकले, पण ते या हॉलमध्ये नव्हते. मी खांबावर होतो आणि तू फोनला हात पुरावा म्हणून स्टुलावर.

कंपनीची बाई म्हणाली, "सात आला नाही. आकडा पडला तर लाईन नापास धरतात ना?"

पक्कड म्हणाला, "लाईन उत्तम आहे बाई."

पण नियम नियम असतो. आकडा पडला की समोरच्याने सांगायचं आणि पुन्हा घ्यायचं, आणि ते सांगायचं काम माझं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. तू रिसीव्हर आपटलास त्या दिवसापासून मी तुझ्याशी एक शब्द बोललो नव्हतो आणि पहिला शब्द साक्षीदारांसमोर, स्पीकरवर बोलायचा होता. घसा साफ केला, तोही स्पीकरवर गेला.

"सात राहिला," मी म्हणालो. "पुन्हा."

तू पुन्हा सुरुवात केलीस. दहा, नऊ, आठ. मग सात. इतक्या जोरात म्हणालीस की स्पीकर करकरला आणि तुमच्या कारकुनाच्या हातातलं पेन पडलं. भोंगा हे नाव उगीच ठेवलं नव्हतं. मग एकपर्यंत व्यवस्थित. कारकुनाने लिहिलं, दोन्ही बाजूंचा आवाज स्पष्ट. नियमात यापुढे काही बोलायची तरतूद नाही, म्हणून मी रिसीव्हर ठेवला. आपटला नाही. ठेवला.

त्याच दुपारी आईने मावशीला फोन लावला. पहिल्या झटक्यात लागला. पंधरा मिनिटांत दोघींचं भांडण झालं, लहानपणी कोणी कोणाची रिबीन घेतली यावरून, आणि आईने रिसीव्हर आपटला. लाईन दोन्ही बाजूंनी चांगली आहे, याहून मोठा दाखला मला नको.

हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर येत आहे. पत्ता आईकडे मागितला. ती म्हणाली, "लेखी अर्ज द्या." मी दिला. तिने तो वाचून डब्याखाली ठेवला आणि म्हणाली, "विचाराधीन आहे." संध्याकाळपर्यंत मला तसंच बसवलं, मग दिला. पाकीट दुकानातून आणलेलं आहे, कोरं. सोबत खणातली चार पत्रं पाठवतो आहे. त्यातल्या पहिल्यात तुझ्याविषयी काही वेडंवाकडं लिहिलं आहे. ते खोडलं नाही, कारण आलेला कागद खोडू नये हे मीच तुला शिकवलं. प्रकरण मिटलं आहे, तेव्हा यावर शिक्का लागणार नाही असं धरून चालतो. तरी तुझा नेम नाही.

आई म्हणते तुझा घरचा फोन नव्या कंपनीचा आहे. म्हणजे आपलं बोलणं त्याच हॉलमधून जाणार. रविवारी सकाळी लावतो. तू उचललास की काय बोलायचं ते काल रात्रीपासून ठरवतो आहे, अजून काही सुचलेलं नाही. तोवर नाहीच सुचलं तर एकपासून सुरू करीन.

तुझे
बाबा